क्रोकांबूश झुकतो, चिकटतो, बसतो: कधी बिघडला ते आधी सांगा

संध्याकाळी सातला मनोरा ताठ उभा होता. नऊला पाहुणे जमेपर्यंत तो एका अंगाला कलला, तळाचे गोळे चेपले, फटींतून क्रीम डोकावू लागलं आणि बाहेरचं सोनेरी कॅरॅमल बोटांना चिकटायला लागलं. क्रोकांबूश, म्हणजे क्रीम भरलेल्या पोकळ गोळ्यांचा, साखरेच्या कॅरॅमल पाकाने जोडलेला फ्रेंच मनोरा, करून पाहणाऱ्यांची तक्रार थोड्याफार फरकाने हीच असते. शेवटचा प्रश्नही ठरलेला: ‘पाक कच्चा राहिला असेल का?’

कधीकधी राहतो. पण बहुतेक वेळा पाकाचा त्यात काही हात नसतो. मनोरा पडतो तो पाण्याने, आणि ते पाणी तीन वाटांनी येतं: अर्धवट वाळलेल्या गोळ्यातून, आतल्या क्रीममधून किंवा खोलीतल्या हवेतून. कुठल्या वाटेने आलं हे ओळखायला मनोरा कधी बिघडला एवढं कळलं तरी पुरतं. म्हणून कोणी विचारलं की मी पाककृती मागत नाही, वेळ मागते.

आधी वजनाचा हिशोब

फ्रान्समध्ये लग्न, बाप्तिस्मा, पहिलं कम्युनियन (ख्रिस्ती मुलांचा पहिला प्रसादविधी) अशा प्रसंगी हा मनोरा टेबलावर येतो. पेस्ट्री क्रीम (दूध, बलक आणि कॉर्नफ्लोअरचं घट्ट क्रीम) भरलेले शू पेस्ट्रीचे, म्हणजे मैदा, लोणी आणि अंड्यांच्या पिठाचे पोकळ गोळे कॅरॅमलमध्ये बुडवून शंकूसारखे रचायचे, खाली नूगातीनची बैठक, वर साखरेच्या बारीक तारा नाहीतर साखर चढवलेले बदाम. नूगातीन म्हणजे आपल्या नजरेने बदामाच्या कापांची चिक्कीच, गरम असतानाच लाटून आकार दिलेली. माणशी तीन-चार गोळे धरायचे ही तिथली रीत. आंतोनँ कारेम (१७८४–१८३३) या पॅरिसच्या पेस्ट्री शेफने असल्या देखाव्याच्या रचनांना प्रतिष्ठा मिळवून दिली. इमारतींची चित्रं अभ्यासून तो साखरेची देवळं आणि मनोरे उभारायचा. क्रोकांबूश करताना आपणही जरा इमारतवाल्यासारखा विचार केलेला बरा.

तळाला १२ गोळे, त्यावर ११, मग १०, असं ३ पर्यंत आणि टोकाला १. झाले ७६ गोळे, उंची साधारण ४० सेंटीमीटर. क्रीम आणि कॅरॅमल धरून एक गोळा ३० ग्रॅमचा समजा. तळाच्या ओळीवर उरलेल्या ६४ गोळ्यांचे १,९२० ग्रॅम येतात, म्हणजे प्रत्येकावर १६० ग्रॅम. स्वतःच्या वजनाच्या पाचपट ओझं एक पोकळ टरफल तासन्‌तास पेलत असतं, आणि आतून त्याला ओलं क्रीम लागलेलं असतं. टरफल कुरकुरीत असेल तोवर ते पेलतं. मऊ पडलं की कॅरॅमल कितीही उत्तम असो, तळ बसणारच.

रचता रचताच सुटत असेल तर

हा सगळ्यांत सोपा प्रकार, आणि यात दोष खरंच पाकाच्या हाताळणीचा असतो. कॅरॅमल फार गरम असेल तर ते पाण्यासारखं वाहून जातं, सांध्यात थांबत नाही. फार गार झालं तर जाड थर बसतो, तारा सुटतात आणि गोळा नीट टेकतच नाही. मधली वेळ थोडीच मिळते. एका मोठ्या पातेल्यात सगळा पाक करण्यापेक्षा दोन लहान जाड बुडाच्या पातेल्यांत करा. एकातलं वापरताना दुसरं अगदी मंद आचेवर ठेवा. तोच पाक पुन्हापुन्हा तापवला की काळपट आणि कडू होत जातो.

गोळे सारख्या मापाचे नसतील तरीही रचना सुटते. बेकिंग पेपरच्या मागच्या बाजूला ३ सेंटीमीटरची वर्तुळं आखून घ्या आणि तेवढेच गोळे पाडा. भाजल्यावर निवडून ठेवा: घट्ट, जड, सारखे ते तळाला, वाकडेतिकडे ते खायला. पहिल्यांदा करत असाल तर शंकूचा साचा वापरा. जाड कार्डशीटचा शंकू करून त्यावर तेल लावलेला बेकिंग पेपर गुंडाळला तरी चालतो. नुसत्या अंदाजाने रचण्याची हौस दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसाठी राखून ठेवावी.

कॅरॅमल १६० अंशांच्या वर असतं आणि कातडीला चिकटून बसतं. शेजारी बर्फाच्या पाण्याचं मोठं भांडं असल्याशिवाय सुरुवात करू नका, आणि लहान मुलं स्वयंपाकघरात नकोत.

तासाभरात तळ बसत असेल तर

गोळे नीट वाळलेले नव्हते. ऐंशी टक्के त्रास इथला आहे असं मला वाटतं, आणि इथेच लोक सगळ्यांत कमी लक्ष देतात, कारण ओव्हनमधून बाहेर येताना गोळा दिसतो छान.

शू पेस्ट्री फुगते ती वाफेने. यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही. पिठातलं पाणी वाफ होऊन कवच फुगवतं, तेवढ्यात अंडी आणि मैदा शिजून ते कवच धरून ठेवतात. बाहेरून तांबूस दिसलं तरी आतल्या भिंती ओल्या असू शकतात. मग बाहेर काढल्यावर ती ओल हळूहळू कवचात झिरपते आणि सकाळी टणटणीत असलेला गोळा संध्याकाळी स्पंजासारखा दबतो.

हे रंगावर सोडू नका, वजन करा. नेहमीचं प्रमाण घ्या: पाणी २५० मिली, बिनमिठाचं लोणी १०० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, फोडलेली अंडी २०० ते २२० ग्रॅम, थोडं मीठ. या पिठात ढोबळमानाने साठ टक्के पाणी असतं. म्हणजे ट्रेवर पाडताना १५ ग्रॅमचा असलेला गोळा पुरता वाळल्यावर ७-८ ग्रॅमचा, निम्म्याच्या आसपास, भरायला हवा. १० ग्रॅम भरला तर तो अजून ओला आहे, दिसायला कितीही देखणा असला तरी. चहापत्ती मोजायचा छोटा डिजिटल काटा या कामाला पुरतो. कच्चे चार-पाच गोळे मोजून त्यांची जागा लक्षात ठेवा, भाजल्यावर तेच मोजा.

वाळवायचं कसं? १९० अंशांवर २० ते २५ मिनिटं, तोवर दार उघडायचं नाही. कवच धरायच्या आत दार उघडलं तर वाफ निवते आणि गोळा बसतो, तो पुन्हा उठत नाही. मग १६० वर आणून १० ते १५ मिनिटं. रंग बघताना वरचा भाग बघू नका, भेगा बघा. भेगांच्या आत पिवळट पांढरं दिसत असेल तर आतलं काम बाकी आहे. शेवटी प्रत्येकाच्या तळाला सुरीच्या टोकाने भोक पाडा (क्रीम भरायला ते लागणारच आहे) आणि बंद केलेल्या ओव्हनमध्ये दारात लाकडी चमचा अडकवून दहा मिनिटं ठेवा. वाफेला बाहेर पडायला वाट मिळते.

घरातल्या ओटीजीचं एक दुखणं असतं: मागची बाजू जास्त तापते आणि पुढची कच्ची राहते. ट्रे गच्च भरला तर आतली वाफही कोंडते. दोन गोळ्यांत तीन बोटं अंतर सोडा आणि थोडे थोडे घाणे काढा. पीठ पाइपिंगच्या पिशवीत थांबू शकतं, त्याला घाई नाही. ट्रे फिरवायचाच असेल तर कवच पक्कं धरल्यावर, तापमान खाली आणताना फिरवा.

अंड्यांचंही मोजमाप बिघडतं. फ्रेंच पाककृतीत ‘४ अंडी’ लिहिलेलं असतं तेव्हा तिथलं मध्यम अंडं सालीसकट ५३ ते ६३ ग्रॅमचं असतं. आपल्याकडची बहुधा ५० ग्रॅमच्या आसपास. चार मोजून घातली की पीठ घट्ट राहतं आणि गोळा फुगत नाही. मग लोक पाचवं अख्खं घालतात आणि पीठ पसरतं. अंडी फेटून, मोजून, थोडी थोडी घाला. उलथण्यावरून पीठ जड त्रिकोणी पडद्यासारखं लोंबलं की थांबा, मोजलेलं उरलं तरी चालेल. त्याआधी मैद्याचा गोळा पातेल्यात दोन-तीन मिनिटं परतून, तळाला पापुद्रा धरेपर्यंत सुकवलेला असला पाहिजे, नाहीतर अंडी शोषायला त्यात जागाच नसते.

पाण्याऐवजी दूध घालायला सांगणाऱ्या पाककृती पुष्कळ आहेत. दुधाने रंग आणि चव चांगली येते, पण कवच मऊ होतं. एक्लेअर (याच पिठाचे लांबट, क्रीम भरलेले) करायचे तर घाला. मनोऱ्याला फक्त पाणी.

दोन-तीन दिवस आधी गोळे करून ठेवायचे असतील तर हवाबंद डब्यात घालून फ्रीजरमध्ये टाका. मुंबईच्या हवेत ओट्यावर उघडे ठेवलेले गोळे तासा-दोन तासांत नरम पडतात. कसेही ठेवलेले असोत, भरायच्या आधी १५० अंशांवर ८-१० मिनिटं पुन्हा तापवून पूर्ण गार करा. ही पायरी वगळणारे फार, आणि मग दोष पाकाला.

बिनअंड्याचा क्रोकांबूश करून द्या अशी मागणी येते. अंड्याशिवाय पोकळ गोळे कसेबसे फुगवता येतात, पण ते कवच १६० ग्रॅम पेलत नाही. मी नाही म्हणते. तेवढेच गोळे ताटात पसरून दिले तर गोष्ट वेगळी.

दोन-तीन तासांनी क्रीम गळत असेल तर

गोळे कुरकुरीत होते, मनोरा तासभर छान उभा होता, मग भोकातून क्रीम पाझरायला लागलं आणि तिथलं कॅरॅमल विरघळलं. क्रीम करताना घट्ट होतं, फ्रिजमध्येही घट्ट होतं, तरी नंतर पातळ झालं, हे कोडं पुष्कळांना पडतं.

अंड्याच्या बलकात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि ते स्टार्चचे तुकडे करतं. क्रीम घट्ट झाल्याबरोबर घाबरून गॅस बंद केला तर ते विकर जिवंत राहतं आणि रात्रभरात कॉर्नफ्लोअरचा सगळा घट्टपणा खाऊन टाकतं. क्रीमला खरी उकळी यायला हवी: मधोमध मोठे बुडबुडे फुटताना दिसले पाहिजेत, आणि त्यानंतरही एक-दोन मिनिटं सतत ढवळत राहायचं. कॉर्नफ्लोअर असल्यामुळे बलक फुटत नाही, निर्धास्त उकळा. ५०० मिली दुधाला ५ बलक, १०० ग्रॅम साखर आणि मनोऱ्यासाठी थोडं चढं, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. त्यात फेटलेलं क्रीम मिसळून हलकं करण्याचा मोह टाळा. खायला छान लागतं, पण पाणी सोडतं.

पूर्ण गार झालेलंच क्रीम भरा, बारीक नोझलने, तळातून. कोपऱ्यापर्यंत गच्च भरू नका, आणि भोकाभोवतीचं क्रीम पुसून मगच गोळा पाकात बुडवा. ओल्या जागी कॅरॅमल धरतच नाही. सांधा पहिल्या तासातच सुटायला लागतो.

आता एक नावडतं सांगायचं. दूध-अंड्याचं हे क्रीम उबदार खोलीत दोन तासांहून जास्त ठेवण्यासारखं नसतं, उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी. म्हणजे सातला मांडून अकराला वाढायचा मनोरा मुळातच धोक्याचा, तो उभा राहिला तरी. एवढा वेळ देखावा हवाच असेल तर मनोरा रिकाम्या गोळ्यांचा करा, नुसता कॅरॅमलमध्ये बुडवून. वजन निम्म्याहून कमी होतं आणि आतली ओल संपते. भरलेले गोळे आत फ्रिजमध्ये ठेवून वाढताना आणा. शुद्धतावादी मंडळी नाकं मुरडतील, मुरडू द्या.

आतून सगळं ठीक, पण बाहेरून चिकट

हा हवेचा खेळ. पावसाळ्यात डबा उघडा राहिला की चिक्की जशी चिकट होते, तसंच. कॅरॅमल म्हणजे काचेसारखी गोठलेली साखर, आणि ती हवेतली ओल ओढून घेते. पृष्ठभागावर ओल साचली की तो थर मऊ होतो, मग वाहतो, आणि सांधे घसरतात. खोलीतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असेल तर चिकटपणा आज ना उद्या येणारच, सत्तरच्या वर असेल तर रचून होईपर्यंतच येतो. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. त्या दिवसांत हा पदार्थ न केलेला बरा. पॅरिसमध्ये हिवाळ्यात बाहेर दमट असतं, पण घरं हीटरने गरम केलेली असतात. बाहेरची गार हवा आत येऊन तापली की तिची सापेक्ष आर्द्रता खाली येते, म्हणून तिथल्या नाताळात कॅरॅमल खणखणीत राहतं. गोव्यातल्या किंवा वसईतल्या नाताळात खिडक्या उघड्या असतात.

एक साधा आर्द्रतामापक घ्या. एसी ड्राय मोडवर दोन तास आधी लावून दारं-खिडक्या बंद करा आणि काटा पन्नासच्या खाली आल्यावरच पाक चढवा. त्याच खोलीत गॅसवर दुसरं काही उकळत नको. भाताच्या एका कुकरची वाफ सगळी मेहनत धुऊन टाकते.

पाकाचा भागही इथे येतो. साखर १५० अंशांला पोचते तेव्हा पाकात जेमतेम एक टक्का पाणी उरलेलं असतं. १३५ ते १४० वर उतरवला तर पाच टक्के, आणि तो पाक उबदार खोलीत लवकर मऊ पडतो. १६५ पर्यंत न्या, फिका सोनेरी रंग आला की पातेल्याचं बूड काही सेकंद गार पाण्यात टेकवा म्हणजे रंग पुढे जाणार नाही. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाकून दातांनी चावून बघा: कडकन तुटला पाहिजे, दाताला अजिबात चिकटता कामा नये.

लिंबाचं काय? पाक साखरू नये म्हणून त्यात लिंबू पिळायची आपल्याकडे सवय आहे, आणि गुलाबजामाच्या पाकाला ती योग्यच आहे. पण आंबटाने साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात, आणि फ्रुक्टोज हवेतलं पाणी साखरेपेक्षा कितीतरी हावरटपणे ओढतं. लिंबू घातलेलं कॅरॅमल साखरणार नाही, पण दमट खोलीत सगळ्यांत आधी तेच चिकटेल. कोकणपट्टीत क्रोकांबूश करणाऱ्यांचा घोटाळा पुष्कळदा इथेच होतो. त्याऐवजी लिक्विड ग्लुकोज घाला: ५०० ग्रॅम साखर, १५० मिली पाणी, १०० ग्रॅम ग्लुकोज. केकच्या सामानाच्या दुकानात मिळतं. साखर विरघळेपर्यंतच ढवळा, उकळी आल्यावर चमचा लावू नका, आणि कडेला उडालेले थेंब ओल्या ब्रशने आत उतरवा. तरी साखरला तर थोडं पाणी घालून पुन्हा विरघळवा आणि पहिल्यापासून चढवा. अर्धवट साखरलेल्या पाकाने सांधे जोडू नका.

हवा काही केल्या कोरडी होत नसेल तर आयसोमॉल्ट. साखरेपासूनच बनतं, ओल फार कमी ओढतं, साखरेसारखं तांबूस होत नाही, गोडी जवळपास निम्मी. कॅरॅमलची चव मात्र त्याला येत नाही, आणि ती चव हा या पदार्थाचा अर्धा जीव आहे. मी मधला मार्ग सुचवते: गोळ्यांच्या माथ्याला खरं कॅरॅमल, सांध्यांना आयसोमॉल्ट. हे फार खाल्लं तर पोट बिघडतं, सांध्यापुरतं असेल तर काही होत नाही.

साखरेच्या तारा सगळ्यांत आधी विरतात, कारण त्या बारीक असतात आणि हवा त्यांना चहूबाजूंनी लागते. त्या मनोरा टेबलावर गेल्यानंतरच ओढा, नाहीतर सोडून द्या.

आणि फ्रिज नको. तासाभरासाठी नको, रात्रभर तर नकोच. आत ओल असते ती असतेच, शिवाय गार मनोरा बाहेर काढला की त्यावर दव धरतं. गार गाडीतून उकाड्याच्या हॉलमध्ये नेतानाही हेच होतं. लांब जायचं असेल तर बुडवलेले गोळे सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यांत न्या आणि जागेवर जाऊन रचा. पुड्या गोळ्यांना लागणार नाहीत अशा जाळीखाली ठेवा.

पाहुणे दारात आणि मनोरा कललेला

वरून आणखी कॅरॅमल ओतू नका. तळ मऊ पडलेला असतो आणि तुम्ही त्यावर वजन वाढवत असता. टेकू म्हणून टूथपिक खुपसू नका, कोणाच्या तरी घशात जाईल. मनोऱ्याच्या कमरेशी सुरीने सांधे तोडून वरचा शंकू अख्खा उचला. वरच्या गोळ्यांवर ओझं कमी असल्याने ते बहुधा शाबूत असतात. थोडा ताजा पाक करून तो शंकू नूगातीनच्या बैठकीवर किंवा सपाट ताटात चिकटवा. चाळीसऐवजी पंचवीस सेंटीमीटरचा होईल, कोणी पट्टी घेऊन येत नाही. खालचे चेपलेले गोळे वाटीत घालून वर उरलेलं कॅरॅमल फोडून टाका आणि ते लगेच वाढा, कारण सर्वांत ओले तेच आहेत.